काही नाही, घरीच असते

बदलापूर,
शनिवार, २० जानेवारी २०२४

प्रिय स्वप्ने,

आईचा हा ‘कुंदा’ नाव घातलेला डबा तुमच्या-आमच्या घरांत इतका फिरलाय की त्याला आता वाट पाठ झाली असेल. इथून काहीतरी गोड जातं, तिथून तुझ्या तांदळाच्या भाकऱ्या येतात. रिकामा डबा परत करणं म्हणजे संबंध संपवणं, असं आई मानते. म्हणून आज तिळाच्या वड्या आहेत आणि वड्यांखालच्या कागदाखाली मी आहे. जांभूळला टँकर भरायला जाता-येता डबा पोचवणाऱ्या तुझ्या अल्पेशला कळायचं नाही.

फोनवरच लिहिलं असतं, पण तो फोन तुझा राहिलाय कुठे, टँकरच्या धंद्याचा झालाय. मागे ‘कशी आहेस’ विचारलं तर उत्तर आलं, ‘दोन टँकर मिळतील, पत्ता पाठवा.’

तुझ्या नोकरीचं आईकडून कळलं. औषधांच्या कंपनीत पॅकिंग, जनरल शिफ्ट, पीएफसकट! पाडव्यापर्यंत जागा धरून ठेवणार आहेत म्हणे. आणि तू अडलीस ओवीपाशी. अडीच वर्षांची पोर कुणाच्या हवाली करणार, सासूबाईंना तर दिसत नाही.

तर ऐक. मी ज्या संस्थेत आहे (अजून कॉन्ट्रॅक्टवरच, विचारू नकोस) तिला अंबरनाथच्या एका कारखानदारांच्या संघटनेने काम दिलंय. एमआयडीसीच्या आसपासच्या गावांत महिलांचा रोजगार दर काढायचा. म्हणजे शंभर बायकांतल्या किती कामाला आहेत. कामाच्या बाजाराची तब्येत पाहायला हल्ली हाच आकडा पाहतात. संघटनेकडे एका पाळणाघराचे पैसे आहेत आणि ते कुठल्या गावाला द्यायचे हे अजून ठरलेलं नाही. तुमचं समाजमंदिर तर लग्न सोडलं तर कुलूप लावूनच असतं.

अडचण एकच. दारात गेलं की पुरुष पुढे येतो आणि म्हणतो, ‘काही नाही, घरीच असते.’ बाई आत चहा टाकत असते. आमच्या पाहणीच्या मुली तेच लिहून घेतात. तू आधी घरोघर जा आणि बायकांना स्वतः बोलायला तयार कर. आकडा जितका मोठा, तितकं पाळणाघर जवळ.

तुझी,
राजसी


पालेगाव,
शनिवार, २७ जानेवारी २०२४

प्रिय राजसी,

वड्या संपल्या. तुझं पत्र तिळाच्या तेलाने डागाळलंय, पण अक्षर अजून तसंच आहे, कॉलेजात माझ्या वहीत उतरवून द्यायचीस तसं. तेव्हा तुझं लिहिलेलं वाचून मी पास झाले, म्हणून आताही तुझं लिहिलेलं वाचून लगेच कामाला लागले.

आधी मला एक सांग. काम म्हणजे काय धरायचं? आमच्या आळीत सगळ्या बायका दुपारी ओट्यावर दिसतात. तुझा साहेब गाडीतून गेला तर म्हणेल, मजेत बसल्या आहेत. त्यांच्या मांडीवर बघ म्हणावं. उल्हासनगरच्या कॅम्प चारचा सेठ जीन्सच्या पँटी टेम्पोने टाकतो आणि या बसून त्यांचे सुटलेले दोरे कापतात. धागा कटिंग. कुणी भाकऱ्या थापते, कुणी नवऱ्याचा भाजीचा गाळा सांभाळते. मी टँकरचा फोन घेते, कुठल्या सोसायटीला किती वाजता ते मीच ठरवते आणि ड्रायव्हरला शिव्याही मीच घालते. तरी अल्पेश सगळ्यांना सांगतो, घरीच असते. त्याला वाटतं टँकर आपसूक जातात.

शेजारच्या चांगुणावहिनीचं जरा नाजूक आहे. ती दोरे कापते हे तिच्या नवऱ्याला, शिवरामदादाला, माहीत नाही. तो कामावर गेला की गोणी बाहेर येते आणि तो यायच्या आत पलंगाखाली जाते. त्याला कमीपणा वाटतो. आमच्याकडे जमिनी होत्या तेव्हाचा ताठा जमिनी गेल्या तरी गेलेला नाही. तिने सांगावं का? तिचा पोरगा ओवीएवढाच आहे, पाळणाघर झालं तर तिचंही सुटेल.

तू म्हणशील तसं करते.

तुझी,
स्वप्नाली


बदलापूर,
शनिवार, ३ फेब्रुवारी २०२४

स्वप्ने,

घाईत आहे. सगळं धरायचं! दोरे, भाकऱ्या, गाळा, तुझ्या शिव्यासुद्धा. थोडं असलं तरी सांगायचं, फावल्या वेळात असलं तरी सांगायचं. वहिनीला सांग, घाबरू नको, आम्ही नावं कुणाला दाखवत नाही. बुधवारी, २१ तारखेला, मी चार मुली घेऊन येते.

व्याख्या वगैरेंच्या फंदात तू पडू नकोस, ते माझं काम. तू फक्त त्यांना ‘हो’ म्हणायला शिकव.

डब्यात बेसनाचे लाडू आहेत. ओवीला एक माझ्याकडून.

राजसी


पालेगाव,
शनिवार, २४ फेब्रुवारी २०२४

प्रिय राजसी,

बुधवारी तू आमच्या घरी बसली होतीस तेव्हा वरच्या आळीत काय चाललं होतं ते तुला दिसलं नाही, म्हणून लिहिते.

ज्या बायका नवऱ्याचं नाव घ्यायलाही लाजतात, त्या दारात उभ्या राहून तुझ्या मुलींना सांगत होत्या, ‘लिही बाय, मी काम करतंय.’ एकीने तर मुलीला जायलाच दिलं नाही. सकाळपासून काय काय करते ते ती सांगत राहिली, आणि सांगता सांगता तिच्याच लक्षात आलं की आपण किती करतो. तिला रडू आलं. मग तिची जाऊ आली, ती पण सांगायला बसली. मला इतका अभिमान वाटला गं. महिनाभर दारोदार फिरून पाय दुखले होते ते विसरले.

आमच्या घरचं तर तू पाहिलंसच. अल्पेश सवयीने म्हणाला, ‘काय नाय, घरीच असते,’ आणि सासूबाई आतून कडाडल्या, ‘आरं, मंग तुजं टँकर काय भूत पाठवतंय? माजं डोलं गेलं, कान नाय गेलं!’ तू पण हसलीस.

पण राजसी, एक मनात राहिलंय. मी ‘हो, काम करते’ म्हटलं आणि तू लगेच टॅब मिटलास. मी म्हटलं, पाळणाघराचं विचार, कारखान्यात जायचं आहे का ते विचार. तू म्हणालीस, ते ऑफिसात भरते. चहाही अर्धाच ठेवलास. बाकीच्या बायका पण म्हणतात, ‘हो’ म्हटल्यावर पुढे काही विचारलंच नाही. ते नंतर विचारणार आहात का?

आणि चांगुणावहिनी. तिने माझ्या भरवशावर सांगितलं. शिवरामदादा नेमका घरी होता, मोरीत होता म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. टॉवेल गुंडाळून बाहेर आला आणि आळीला ऐकू जाईल असं ओरडला, ‘माज्या घरान काय उपास पडतंय, लोकांचं दोरं कापाला?’ गोणी त्याच संध्याकाळी कॅम्प चारला परत गेली. आता ती मला पाहिलं की दार लावते. मी मनाला समजावते, पाळणाघर उघडलं की तिचा राग जाईल.

पाडवा ९ एप्रिलला आहे. कंपनीतून परत विचारणा झाली. मी छातीठोकपणे सांगितलं, येते.

तुझी,
स्वप्नाली


बदलापूर,
शनिवार, २ मार्च २०२४

प्रिय स्वप्ने,

पेढे ओळखलेस ना? बातमी आहेच तशी. आकडा फार सुंदर आलाय! साहेब खूश आहेत. सगळ्या गावांत पालेगाव पहिलं.

येत्या शुक्रवारी, महिलादिनाला, संघटनेच्या हॉलमध्ये समारंभ आहे. तुझा सत्कार करायचं मी सुचवलं आणि सगळ्यांनी उचलून धरलं. साडी, नारळ, फोटो. नेसून ये छान. अल्पेशलाही आण, बघू दे त्याला बायको घरी बसून काय करते ते!

तू विचारलेल्या बाकीच्या गोष्टी भेटल्यावर बोलू. पत्रात नीट सांगता येत नाहीत.

तुझी,
राजसी


पालेगाव,
शनिवार, ९ मार्च २०२४

राजसी,

भाकऱ्या कुंदाकाकूंसाठी आहेत. तुझ्यासाठी नाहीत.

काल मी ओवीला घेऊन आले, कारण तिला ठेवायला जागा नव्हती. एवढं तरी तुझ्या साहेबांना कळायला हवं होतं. माझं नाव पुकारलं तेव्हा ती झोपेतून उठून रडत होती, म्हणून तिला कडेवर घेऊनच स्टेजवर चढले. अध्यक्ष माईकवर काय म्हणाले ते तू ऐकलंस. ‘बघा, मूल कडेवर घेऊन काम करतात आमच्या भगिनी!’ टाळ्या. तूही वाजवल्यास. मी पाहिलं.

मग ते म्हणाले, पालेगावात शंभरातल्या एकाहत्तर बायका कामाला आहेत, इतका रोजगार शहरातही नाही, आमच्या पट्ट्यातला कामाचा बाजार धडधाकट आहे. आणि जिथे बायका मुलं सांभाळून इतकं काम करताहेत, तिथे पाळणाघराची गरज दिसत नाही. ते पैसे कारखान्यांच्या मालाच्या प्रदर्शनाला वापरू. माझ्या एका हातात नारळ, एका हातात पोर. मी तुझ्याकडे बघितलं. तू पाण्याची बाटली उघडत होतीस.

आणि शेवटी तुझे साहेब माईकवर आले, ‘ज्यांच्या मेहनतीने हा आकडा आला त्या राजसी मॅडम आजपासून कायम.’

मी मेहनत केली गं. दारोदार मी फिरले. बायकांना ‘हो’ म्हणायला मी शिकवलं. आणि आमचं ‘हो’ घेऊन तू आमच्या तोंडावर दार लावलंस. नवऱ्यांनी ‘घरीच असते’ म्हटलं असतं तर निदान तुझ्या साहेबांना वाटलं असतं, बिचाऱ्या घरी का बसल्या आहेत, काहीतरी करू. आम्ही खरं बोललो म्हणून आमचं गेलं.

परतताना बसमध्ये एक बाई म्हणाली, ‘स्वप्नाली, तुना साडी भेटली, आमाना काय?’ मी तिला काय सांगू?

पाडव्याला अजून महिना आहे. तुझ्या हातात काही असेल तर कर. मी नोकरीला अजून नाही म्हटलेलं नाही.

स्वप्नाली


बदलापूर,
शनिवार, १६ मार्च २०२४

प्रिय स्वप्ने,

तुझं पत्र वाचून दोन दिवस जेवण गेलं नाही. तू मला इतकं वाईट समजशील असं वाटलं नव्हतं.

शांतपणे ऐक. नियम मी केलेला नाही. आठवड्यात एक तास जरी कुणी कमाईचं काम केलं, तरी ती व्यक्ती रोजगारात धरतात. सगळीकडे असंच मोजतात. आणि एकदा रोजगारात धरलं की दुसरं काम हवंय का, काय अडचण आहे, हे प्रश्न आमच्या टॅबवर उघडतच नाहीत. कामाला असलेल्या माणसाला काम शोधता का कसं विचारणार? मी फक्त मोजते गं. मोजलेल्याचं पुढे काय करायचं ते वरचे ठरवतात.

आणि आकडा खोटा आहे का? तूच सांग. तुम्ही काम करता, हे पहिल्यांदा कुणीतरी लिहून घेतलं. त्याचं काहीच नाही का?

पाडव्यापर्यंत काही होणं शक्य नाही, खोटी आशा दाखवत नाही. साहेब डिसेंबरातच म्हणाले होते, दर पन्नासच्या वर गेला तर पाळणाघराचा विषय बंद करू. त्यांच्यापुढे माझं काय चालणार? मी तरी तीन वर्षं कॉन्ट्रॅक्टवर काढली आहेत, बाबांची पेन्शन किती ते तुला माहीत आहे. तू माझ्या जागी असतीस तर काय केलं असतंस?

डब्यात खोबऱ्याच्या वड्या आहेत. रागावू नकोस. लिही.

तुझी,
राजसी


बदलापूर,
शनिवार, २२ फेब्रुवारी २०२५

प्रिय स्वप्नाली,

वर्ष होत आलं. हे टपालाने पाठवते, कारण डबा तुझ्याकडेच राहिलाय. आई दर शनिवारी टँकरचा आवाज आला की दाराशी जाते. मी तिला काही सांगितलेलं नाही.

तुला आठवते म्हणूनच लिहिते आहे, पण एक कामही आहे. यंदा पुन्हा पाहणी झाली. पालेगावचा दर आठ आलाय. एकाहत्तरचा आठ! साहेब विचारताहेत, वर्षात असं काय कोसळलं, की गेल्या वर्षीच काही गडबड होती? गेल्या वर्षीच्या कागदांवर सही माझी आहे. कायम झाले त्याला वर्ष व्हायचंय, आणि वर्षाच्या आत ते केव्हाही काढू शकतात.

पालेगावात कामं बंद झालेली नाहीत, मला माहीत आहे. तुमच्या बायका सकाळी रिक्षा भरभरून एमआयडीसीत जाताना मी स्वतः पाहते. मग त्यांनी असं का सांगितलं? मार्चच्या पहिल्या आठवड्यात फेरतपासणी आहे. तू एकदा फिरून त्यांना सांग ना, जे खरं आहे ते बोला. तुझं ऐकतील. या वेळी मी पाळणाघराचा प्रश्नही घालायला लावीन. शप्पथ.

तुझीच,
राजसी


पालेगाव,
शनिवार, १ मार्च २०२५

राजसी मॅडम यांस,

तुमचं पत्र मिळालं. मला ‘तुम्ही’ म्हणणं जमत नाही, म्हणून ‘तू’च लिहिते.

तुझं मागचं पत्र मी जपून ठेवलं नाही, पण त्यातलं एक वाक्य मला पाठ आहे. साहेब डिसेंबरात म्हणाले होते. डिसेंबरात, राजसी. आणि मला लिहिलंस जानेवारीत, ‘आकडा जितका मोठा, तितकं पाळणाघर जवळ.’ तुला कळलं होतं, आणि वर तिळाच्या वड्या घातल्यास. समारंभाचा राग माझा केव्हाच गेला असता. हा जात नाही.

तू विचारलं होतंस, तुझ्या जागी मी असते तर काय केलं असतं. पाडव्याला माझ्या जागेचं काय केलं ते सांगते. ती मी चांगुणावहिनीला दिली. तिचं कात्रीचं काम माझ्यामुळे बंद पडलं होतं. शिवरामदादाच्या ओट्यावर मी रोज जाऊन बसले, तो शेवटी कंटाळून हो म्हणाला. तिचा पोरगा दिवसभर माझ्याकडे असतो. तिचं पाहून आणखी एक गेली, मग तिसरी. त्यांचीही पोरं आता माझ्याच ओट्यावर. तू सकाळी ज्या रिक्षा पाहतेस ना, त्यातल्या बऱ्याच जणींची पोरं दुपारी माझ्या घरी वरण-भात खातात. सासूबाई त्यांना आवाजावरून ओळखतात. कोण पडलं, कोण कुणाला चावलं, सगळं खाटेवरून सांगतात. अंबरनाथचे कारखाने या ओट्यावर चालतात असं म्हटलं तर तुझ्या साहेबांना राग येईल. मी मात्र कारखान्यात जाणार नाही आता. मी गेले तर या सगळ्या परत घरी बसतील.

तुझ्या पाहणीतली अनुया नावाची मुलगी आली होती. गुणी पोर आहे, तिच्यावर काही ढकलू नकोस. मी कुणाला काही सांगितलेलं नाही. गेल्या वर्षी सांगितलं, तेवढं पुरे झालं. ज्या त्या बाईने आपल्या मनाने उत्तर दिलं. चांगुणावहिनी कंपनीतून येऊन डोक्याची टोपी काढत होती, ती काढता काढता म्हणाली, ‘मी? काय नाय, घरीच असतंय.’

माझ्याकडे आली तेव्हा ओट्यावर पोरंच पोरं. एक माझ्या मांडीवर, एक पाठीवर, ओवी कुणाचे तरी केस ओढत होती आणि टँकरचा फोन वाजत होता. अल्पेश घरी होता. मुलीने विचारलं, ‘ताई काय करतात?’ मी बोलायच्या आत तो म्हणाला, ‘काम करते ती. सकाळपासून रात्रीपर्यंत. आमच्या घरान सगल्यात जास्ती तीच काम करते, लिहा.’

लग्नाला नऊ वर्षं झाली, राजसी. हे ऐकायला मी नऊ वर्षं थांबले होते. माझे डोळे भरून आले. तरी मी त्याचा हात धरला आणि मुलीला म्हटलं, ‘त्यांचं ऐकू नका. मी काही नाही करत, घरीच असते.’ तिने टॅबवर बोट टेकवलं आणि गेली. त्याच्या तोंडून पहिल्यांदा निघालेलं खरं मला खोटं पाडावं लागलं, ते तुझ्यामुळे.

फेरतपासणीला ये. स्वतः ये. चहा पूर्ण देऊ. उत्तर तेच मिळेल.

कुंदाकाकूंचा डबा घासून, पुसून अल्पेशजवळ देते आहे. त्याने उचलून पाहिला आणि म्हणाला, ‘यात तर काय नाय.’ मी म्हटलं, तसाच द्या. काकूंना सांग, विसरून नाही, मुद्दाम रिकामा पाठवलाय. का, ते त्यांना तू सांग.

स्वप्नाली